बीच व्हॉलीबॉलला समुद्र लागत नाही

जालन्यात बीच व्हॉलीबॉलचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "आपल्याकडं समुद्र कुठंय?" या प्रश्नापाशीच मुलांचा खेळ अडतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकचे सामने आयफेल टॉवरच्या पायथ्याशी झाले. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं यजमान बर्मिंगहॅमही समुद्रापासून आत आहे. तिथं भर शहरात वाळू टाकून मैदान केलं. स्वित्झर्लंडला तर समुद्रच नाही, तरी तिथल्या महिला जोड्यांनी टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडं कांस्यपदक मिळवलं.

मग गोदाकाठची वाळू आणून ओतली की झालं? तसंही नाही. वाळू किमान 40 सेंटिमीटर खोल लागते. मैदान 16 बाय 8 मीटरचं, भोवती तीन-तीन मीटर मोकळी जागा धरली तर हिशेब साधारण 44 ब्रासवर जातो. ती चाळलेली, धुतलेली, खडे-शिंपले काढलेली हवी. क्रश सँड स्वस्त पडते म्हणून टाकू नये. तिचे कण टोकदार असतात, आणि या खेळात अंग झोकून द्यावंच लागतं. कोपर-गुडघे सोलून निघतात.

"सहा जणांचा खेळ दोघांत खेळायचा, एवढंच" हाही गैरसमज. जाळीची उंची तीच, पुरुषांना 2.43 आणि महिलांना 2.24 मीटर, पण बदली खेळाडू नाही. ब्लॉकला लागलेला चेंडू पहिला स्पर्श धरतात, म्हणजे पुढं दोनच उरतात. शाळेच्या संघातला मुलगा जाळीवरून बोटांनी अलगद चेंडू टाकतो. वाळूत तो फाऊल आहे. तिथं बोटं मुडपून पेरांनी ढकलावा लागतो. सर्व्हिसच्या आधी जाळीजवळच्या खेळाडूचा पाठीमागं धरलेला हात पाहा. एक बोट म्हणजे सरळ फटका अडवणार, दोन म्हणजे तिरका. मागचा जोडीदार त्यावरून आपली जागा ठरवतो. ऊन-वारा एकाच बाजूला छळू नये म्हणून दर सात गुणांनी बाजू बदलतात, निर्णायक सेटमध्ये पाच गुणांनी.

मुलींच्या पालकांना कपड्यांची काळजी असते. ती रास्त आहे, पण माहिती जुनी आहे. 2012 पासून अंगभर कपड्यांना नियमानंच मुभा आहे. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची दोआ एल्घोबाशी पूर्ण बाह्या, पायघोळ विजार आणि डोक्यावर हिजाब घालून खेळली. पोशाखापायी कुणा मुलीला मैदानाबाहेर ठेवू नका.

आणि हा खेळ म्हणजे सुट्टीतला विरंगुळा नव्हे. 1996 पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे, 1998 पासून आशियाई स्पर्धेत; 2018 आणि 2022 ला तो राष्ट्रकुलमध्येही होता. मे 2025 मध्ये दीवला पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या, त्यातही तो होता. तिथं एकूण पदकतक्त्यात समुद्र नसलेलं मणिपूर पहिलं आलं.

क्रीडाशिक्षकांना एकच विनंती. अनेक शाळांत लांब उडीचा खड्डा आहे. तिथं पूर्ण सामना होणार नाही, पण वाळूत धावणं, उडी मारणं, सूर मारणं शिकता येतं. ती वाळू उकरा, चाळा, आणि व्हॉलीबॉलच्या पोरा-पोरींना आठवड्यातून दोन दिवस अनवाणी त्यात उतरवा.