दंतोपचारभीती व शामन

दंतोपचारभीती व शामन : दातांवर उपचार करून घेताना, किंवा त्यांच्या नुसत्या कल्पनेनेही, मनात उत्पन्न होणाऱ्या भीतियुक्त अस्वस्थतेस दंतोपचारभीती म्हणतात. सौम्य स्वरूपात ती बहुतेक सर्व माणसांत आढळते. काहींत ती इतकी तीव्र असते की, असह्य ठणका लागूनही रुग्ण दंतवैद्याकडे जाणे वर्षानुवर्षे टाळतो. ही भीती औषधांच्या साहाय्याने कमी करण्याच्या क्रियेस शामन असे म्हणतात. शामन व संवेदनाहरण या भिन्न गोष्टी होत. शामक औषधाने मन शांत होते, परंतु वेदना थांबतेच असे नाही. त्यामुळे शामन केले तरी हिरडीत संवेदनाहारक औषधाचे अंतःक्षेपण (टोचणे) बहुधा करावेच लागते.

कारणे व स्वरूप : बालपणी झालेला एखादा वेदनादायक उपचार हे भीतीचे नेहमीचे मूळ असते. घरातील वडील माणसांकडून ऐकलेल्या हकिकती, सुईचे किंवा रक्ताचे भय, गुदमरण्याची शंका, पाठीवर निजून तोंड उघडे ठेवल्याने येणारी असहायता आणि दात कोरणाऱ्या यंत्राचा आवाज यांमुळेही ती निर्माण होते. अनुकंपी तंत्रिका तंत्र उत्तेजित होऊन ॲड्रेनॅलीन स्रवते. छाती धडधडते, तळहात ओले होतात, तोंड कोरडे पडते.

भीतीचे एक दुष्टचक्र बनते. भयामुळे रुग्ण उशिरा येतो, तोपर्यंत कीड दाताच्या गाभ्यात शिरून मुळाशी पू झालेला असतो. पुवामुळे आसपासच्या ऊतकांत अम्लता वाढते. संवेदनाहारक औषधाचा विद्युत् भाररहित अंश तंत्रिकेच्या आवरणातून आत शिरतो. अम्ल परिस्थितीत हा अंश घटतो व औषध नीट लागू पडत नाही. परिणामी उशिरा येणाऱ्यालाच अधिक दुखते आणि त्याची भीती खरी ठरते. लवकर आलेल्या रुग्णाचा दात जवळजवळ वेदनारहित रीत्या दुरुस्त होतो, ही गोष्ट मात्र तो चारचौघांत सांगत बसत नाही.

मराठवाड्यात ही भीती काही लोकसमजांशी निगडित आहे. वरचा दात काढल्यास डोळा अधू होतो, हा त्यांपैकी सर्वांत रूढ समज होय. वास्तविक दातांच्या संवेदना पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेतून वाहतात, तर दृष्टी दुसऱ्या तंत्रिकेवर अवलंबून असते. दात काढल्याने दृष्टितंत्रिकेला इजा होत नाही. अंतःक्षेपित औषध क्वचित डोळा हलविणाऱ्या स्नायूंच्या तंत्रिकांपर्यंत पसरून काही वेळ दुहेरी दिसते, पण औषधाचा अंमल ओसरताच ते थांबते. दात काढल्याने कर्करोग होतो, असेही तंबाखू खाणाऱ्यांच्या घरांत ऐकू येते. येथे कार्यकारणाची उलटापालट झालेली असते : हिरडीच्या कर्करोगाने सैल झालेला दात आधी काढला जातो आणि रोगाचे निदान मागाहून होते.

इतिहास : वेदनारहित शस्त्रक्रियेच्या आरंभात दंतवैद्यांचा मोठा वाटा होता. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील होरेस वेल्स या दंतवैद्याने 11 डिसेंबर 1844 रोजी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला. पुढील महिन्यातील बॉस्टन येथील त्याचे प्रात्यक्षिक फसले व त्याची हेटाळणी झाली. त्याचा पूर्वीचा भागीदार विल्यम मॉर्टन याने 30 सप्टेंबर 1846 रोजी ईथर देऊन दात काढला. 1847 मध्ये क्लोरोफॉर्म प्रचारात आले. ते देणे सोपे होते; परंतु दात काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेतही निरोगी माणसे एकाएकी दगावू लागली.

या प्रश्नाचा मोठा तपास हैदराबाद संस्थानात झाला. आजचा जालना जिल्हा त्या काळी याच संस्थानाचा भाग होता. (1 मे 1981 रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील प्रदेश मिळून तो अस्तित्वात आला.) हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 मध्ये पहिले व 1889 मध्ये दुसरे क्लोरोफॉर्म मंडळ नेमण्यात आले. दुसऱ्या मंडळासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी द्रव्यसाहाय्य केले व लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले. लॉरी यांच्या शिष्यवर्गातील रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगातील आरंभीच्या स्त्री शुद्धिहरणतज्ञांत होते. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांवरून मंडळाने असा निष्कर्ष काढला की, क्लोरोफॉर्मने प्रथम श्वसन थांबते, हृदय नव्हे. म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे.

हा निष्कर्ष अपुरा ठरला. 1911 च्या सुमारास ए. गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मचा अंमल हलका असताना शरीरात ॲड्रेनॅलीन वाढल्यास हृदयाच्या निलयांचे तंतुकंपन होऊन (हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरून) मृत्यू येऊ शकतो. घाबरलेल्या रुग्णाला थोडेसेच क्लोरोफॉर्म देऊन दात उपटणे म्हणजे नेमकी हीच परिस्थिती होय. येथे भीती ही केवळ मनाची दुर्बलता नसून मृत्यूच्या कारणांपैकी एक होती. क्लोरोफॉर्म आता वापरात नाही. मात्र श्वासावर सतत लक्ष ठेवण्याचा लॉरी यांचा आग्रह आजच्या शामनपद्धतीतही पाळला जातो.

स्थानिक संवेदनाहरणाचा आरंभ 1884 मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्यासाठी केलेल्या कोकेनच्या वापरापासून झाला. 1943 मध्ये स्वीडनमध्ये नील्स लफग्रेन यांनी तयार केलेले लिग्नोकेन हे आज सर्वाधिक वापरले जाते. त्यात बहुधा अल्प ॲड्रेनॅलीन मिसळलेले असते. त्यामुळे टोचल्यावर क्षणभर होणारी धडधड पुष्कळ रुग्ण ‘औषध सोसले नाही’ असे समजतात. ती काही मिनिटांत शमते.

भीतीचे मापन व औषधाविना उपाय : नॉर्मन कोरा यांनी 1969 मध्ये चार प्रश्नांची एक मापनश्रेणी तयार केली. तीत 4 ते 20 गुण असून 15 वा अधिक गुण तीव्र भीती दर्शवितात. व्यवहारात मात्र ‘मला भीती वाटते’ असे रुग्णाने आरंभीच सांगणे कोणत्याही श्रेणीहून उपयुक्त असते; पुरुष रुग्ण हे सांगण्यास विशेष संकोचतात. हात वर करताच काम थांबेल असे आधी ठरविल्यास असहायता बरीच कमी होते. पहिल्या भेटीत केवळ तपासणी करणे, टोचण्यापूर्वी हिरडीला बधिर करणारा लेप लावणे, औषध सावकाश सोडणे व रुग्णास संथ दीर्घ श्वास घेण्यास सांगणे हे उपाय बिनखर्चाचे किंवा अल्प खर्चाचे आहेत. मुलांना उपकरण आधी नाव घेऊन सांगावे, मग दाखवावे आणि नंतरच वापरावे. ‘दुखणारच नाही’ असे खोटे आश्वासन देऊ नये. ‘ऐकले नाहीस तर सुई देईन’ हा घरोघरीचा धाक तर दंतवैद्याचे काम दुप्पट अवघड करतो.

शामनाचे प्रकार : सर्वांत सौम्य पद्धती नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण नाकावरील मुखवट्यातून देण्याची होय. हा वायू रक्तात फारसा विरघळत नसल्याने दोनतीन मिनिटांत परिणाम दिसतो व बंद करताच तितक्याच लवकर ओसरतो. रुग्ण जागा असतो, बोलतो, पण बेफिकीर असतो. ऑक्सिजनचे प्रमाण ठराविक मर्यादेखाली जाऊ नये, अशी योजना यंत्रातच असते. शेवटी काही मिनिटे निव्वळ ऑक्सिजन देतात. नाक चोंदलेले असल्यास व गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही पद्धती टाळतात. हा वायू ब जीवनसत्त्वापैकी ब12 निष्क्रिय करतो. म्हणून पूर्ण शाकाहारी व अशक्त रुग्णांच्या बाबतीत त्याची न्यूनता आहे काय, याची चौकशी इष्ट ठरते.

दुसरा प्रकार तोंडावाटे गोळी किंवा द्राव देण्याचा. यासाठी डायाझेपाम, मिडॅझोलाम इ. बेंझोडायाझेपीन वर्गातील औषधे वापरतात. पोटातून शोषण कमीअधिक होत असल्याने परिणामाचा नेमका अंदाज करता येत नाही. शिरेतून दिलेले मिडॅझोलाम मात्र थोडे थोडे देऊन हवा तेवढाच अंमल साधता येतो, आणि उपचाराची आठवणही बहुधा राहत नाही. त्याचा परिणाम उलटविण्यासाठी फ्लुमाझेनिल हे औषध जवळ असावे लागते. प्रोपोफॉल वा केटामीन यांच्या साहाय्याने गाढ शामन किंवा संपूर्ण शुद्धिहरण करणे हे शुद्धिहरणतज्ञाचे काम असून ते सुसज्ज रुग्णालयातच व्हावे. अंमल वाढत गेला की, गिळण्याच्या व श्वासमार्ग मोकळा ठेवण्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. दंतोपचारात पाणी, रक्त व दाताचे कण त्याच मार्गावर साठत असल्याने धोका अधिक असतो.

जालना जिल्ह्याच्या परिस्थितीत दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली, सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने होणारी मुखातील तंतुमयता. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 मध्ये बंदी आली, तरी सुपारी व तंबाखू यांची सवय गेलेली नाही. अशा रुग्णाचे तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही आणि संकटसमयी श्वासनलिकेत नळी घालणे दुर्घट होते. गाढ शामनाचा विचार करण्यापूर्वी तोंड किती उघडते हे मोजलेच पाहिजे. दुसरी गोष्ट अंतराची. जालना येथील जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय मंठा, परतूर वा घनसावंगीच्या खेड्यांपासून दूर आहे, आणि रोजंदारीवरील माणूस तेथे एकटाच येतो. शिरेतून वा गोळीने शामन केलेल्या रुग्णास सोबतीशिवाय घरी पाठवता येत नाही. सोबत नसल्यास स्थानिक संवेदनाहरण किंवा उपलब्ध असल्यास नायट्रस ऑक्साइड हाच पर्याय उरतो. ऊसतोडीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी जाण्यापूर्वीच तपासणी करून घेतलेली बरी, कारण फडात असताना दाढ सुजली तर बहुधा दुकानातील वेदनाशामक गोळीवरच निभावले जाते.

शामनापूर्वी सहा तास घन अन्न व दोन तास पाणीही वर्ज्य असते. मधुमेह, दमा, गर्भारपण, घोरण्याची सवय, मद्यपान व चालू औषधे यांची माहिती दंतवैद्यास द्यावी. उपचाराच्या वेळी रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखविणारे यंत्र बोटाला लावलेले असावे, आणि रुग्णाकडे केवळ लक्ष ठेवण्यासाठी एक स्वतंत्र, प्रशिक्षित व्यक्ती असावी. या दोहोंविषयी विचारण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे. गोळी किंवा शिरेतील औषध दिल्यावर चोवीस तास वाहन चालवू नये, पोलाद कारखान्यातील यंत्रावर वा मळणीयंत्रावर उभे राहू नये, विहिरीवर एकट्याने जाऊ नये आणि कोणत्याही कागदावर सही करू नये. ओठ बधिर असेपर्यंत मुलांना खाण्यास देऊ नये; ती नकळत आपलाच ओठ चावतात.