ऋण, निवाडा आणि पत

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकतो. परंतु कोर्टाचा कागदच आपल्या घराची पायरी चढून आला, तर शहाण्याने काय करावे? हा प्रश्न निष्कारण नव्हे. आपल्या गोमंतकातील कित्येक कुटुंबे आज इंग्लंडात, विशेषतः स्विंडन शहरी, उदरनिर्वाहासाठी राहत आहेत. आणि त्या देशी एका दुर्लक्षित पाकिटामुळे माणसाची पत सहा वर्षे डागाळू शकते.

पूर्वी गावचा दुकानदार उधारीच्या वहीवरून माणूस पारखीत असे. इंग्लंडात अशी वही एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व ट्रान्सयुनियन या तीन मोठ्या संस्था ठेवतात. तिलाच पत-अहवाल म्हणतात. कर्ज देण्यापूर्वी बँक हा अहवाल पाहते, तसेच घर भाड्याने देणारेही पुष्कळदा तो पाहतात.

समजा, एका तरुणाने बिऱ्हाड बदलले आणि जुन्या घराचे विजेचे बिल थकले. धनको काउंटी कोर्टात दावा लावतो व दाव्याचा कागद शेवटच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावर जातो. त्यास १४ दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद मिळाल्याची पोच दिली, तर एकूण २८ दिवस मिळतात. उत्तर न आल्यास प्रतिवादीच्या गैरहजेरीतच निवाडा होऊ शकतो. त्या तरुणाला मात्र याचा पत्ता लागतो, तो गृहकर्जाचा अर्ज नाकारला गेल्यावर!

इंग्लंड व वेल्समधील अशा निवाड्यांची सार्वजनिक नोंदवही १८५२ सालापासून चालत आली आहे. तिच्यातील नोंद पत-अहवालात उतरते. निवाड्याच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत सर्व रक्कम भरली, तर नोंद पुसून टाकतात. त्यानंतर भरली, तर तीपुढे ‘फेड झाली’ असा शेरा पडतो. परंतु नोंद सहा वर्षे राहतेच. फेडलेले देणे न फेडलेल्यापेक्षा केव्हाही बरे दिसते, हे खरे. तरी त्या काळात कर्ज मिळणे कठीण जाते, मिळालेच तर व्याज अधिक पडते. सहा वर्षांनी नोंद निघून गेली, तरी राहिलेले देणे तेवढ्याने फिटत नाही.

मग ज्याला कागद पोहोचलाच नाही, त्याने काय करावे? बचावास खरा आधार असल्यास निवाडा रद्द करण्याचा अर्ज विलंब न लावता कोर्टाकडे करावा. निवाडा रद्द झाला की नोंदही जाते. घर बदलताच प्रत्येक धनकोला नवा पत्ता कळविणे, हा याहून सोपा उपाय होय.

आपल्या देशातही पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा २००५ साली झाला. येथे अहवालाचा मुख्य आधार म्हणजे बँकांनी कळविलेला हप्त्यांचा हिशेब. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागविता येतो.

विद्यार्थी मित्रहो, कोंकणीत आम्ही ऋणाला ‘रीण’ म्हणतो. रीण होणे हा गुन्हा नव्हे. आजारपण, बेकारी कोणालाही गाठते. मात्र आलेले पत्र भीतीने न फोडता फळीवर ठेवल्यास लहान देणे मोठे होते. तुमच्या घरी परदेशातून फोन येईल, तेव्हा ही महिन्याच्या मुदतीची गोष्ट आपल्या आप्तांस आवर्जून सांगा.