राऊटरचीं सांधेपातीं आणि सुताराचीं बोटें

दार बिघडतें तें बहुधा सांध्यांत बिघडतें. लांकूड सागवानाचें असो वा फणसाचें, सांधा कच्चा राहिला कीं दोन पावसाळ्यांत दार खालीं उतरतें व उंबऱ्याला घासूं लागतें. आम्हां रत्नागिरीकरांना हें निराळें सांगावयास नको. आषाढांत लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें आणि फाल्गुनांत तेंच आकसतें. यावर जुन्या कारागिरांनीं काढलेली युक्ति अशी कीं, उभ्या व आडव्या पट्ट्यांची चौकट कुसू घालून पक्की करावी, तिच्या आंतल्या कडेस खांच पाडावी, आणि त्या खांचेंत मधली फळी सरस न लावतां सैल बसवावी. फळी फुगो वा आकसो, चौकट हलत नाहीं. थिबा राजासाठीं येथें बांधलेल्या राजवाड्याचें काम १९१० सालीं पुरें झालें. त्याच्या अर्धगोल, नक्षीदार लांकडी खिडक्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, त्या घडविणाऱ्यांच्या हातीं विजेचा राऊटर नव्हता.

आतां तो आहे, आणि त्याला लावावयाचीं सांध्यांचीं खास पातींहि मिळतात. सुतार त्यांना बिट म्हणतात. एका पात्यानें आडव्या पट्टीच्या टोकास जीभ व गोलाई निघते; जोडीच्या दुसऱ्यानें उभ्या पट्टीस तिला जुळणारी खांच पडते; तिसरें रुंद पातें मधल्या फळीची कड उतरती करतें. पारव्याच्या शेपटीसारखा सांधा कापणारें पातें वेगळें, बोटांत बोटें गुंतवावीत तसा सांधा कापणारें वेगळें. दिवसाचें काम तासांवर येतें. म्हणून धंद्यांत नवीन पडलेलीं मुलें असे संच हौसेनें मागवितात. संचाबरोबर आलेला सूचनांचा कागद बहुधा इंग्रजींत असतो व खोक्याबरोबर टाकला जातो. त्यांतील मर्म मराठींत सांगावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

शाळेंत शिकविलेला वर्तुळाचा परीघ येथें उपयोगीं पडतो. अर्धा इंच व्यासाचें साधें पातें मिनिटास २२,००० फेरे घेऊं लागलें, तर त्याच्या धारेचा वेग ताशीं सुमारें ५३ किलोमीटर होतो. फळीची कड उतरविणाऱ्या पात्याचा व्यास साडेतीन इंचांपर्यंत असतो. तें तितक्याच फेऱ्यांनीं फिरविलें तर धारेचा वेग सातपट, म्हणजे ताशीं सुमारें ३७० किलोमीटर होईल. अशा वेळीं धारेला डाखलेला कार्बाइडचा तुकडा निखळला तर तो गोफणींतल्या दगडासारखा सुटतो. म्हणून एवढें मोठें पातें १०,००० ते १२,००० फेऱ्यांवरच चालवावें, आणि पात्यावर कमाल फेऱ्यांचा आंकडा कोरलेला असेल तर तो कधींहि ओलांडूं नये. ज्या राऊटरची गति कमी करतां येत नाहीं त्याला तें लावूंच नये. सनमायका कापण्याच्या लहान ट्रिमरची गति तर बहुधा ३०,००० च्या आसपास एकच ठरलेली असते. त्याला सांध्याचें मोठें पातें लावणें हें धाडस नव्हे, अडाणीपणा आहे. दीड इंचाहून रुंद पातें हातांतल्या राऊटरला न लावतां, राऊटर मेजाखालीं उलटा बसवून मगच वापरावें.

पात्याची दांडी ज्या चिरा दिलेल्या नळींत आवळली जाते तिला कॉलेट म्हणतात. आपल्या बाजारांत इंचाचीं आणि मिलिमीटरचीं अशीं दोन्ही पातीं शेजारीं शेजारीं विकावयास असतात, आणि घोटाळा होतो तो येथेंच. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या कॉलेटमध्यें १२ मिलिमीटरची दांडी आंत जाते, आवळल्यासारखीहि वाटते, पण तिला खरी पकड नसते. पाव इंच आणि ६ मिलिमीटर यांचीहि गोष्ट तीच. डोळ्यांवर भरंवसा न ठेवतां माप घ्यावें. दांडी निदान तीन-चतुर्थांश आंत असावी. मात्र तळाला टेकवूं नये, टेकल्यावर दोन-तीन मिलिमीटर वर घ्यावी. कारण नट आवळतांना कॉलेट दांडीला किंचित् खालीं ओढतें; तिला खालीं जावयास वावच नसेल तर पकड पुरी बसत नाहीं आणि चालू कामांत पातें वर सरकतें.

लांकूड पात्याच्या फिरण्याविरुद्ध सरकवावें. मेजावरील पातें वरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतें, म्हणून फळी उजवीकडून डावीकडे ढकलावी. उलट दिशेनें ढकलली तर पातें ती हातांतून हिसकावून घेतें, आणि फळीच्या मागोमाग हात जातो. पातें आणि मागची आधारपट्टी यांच्यामधून फळी कधींहि घालूं नये.

आडव्या पट्टीच्या टोकाचें काम सर्वांत नाजूक. पट्टी अरुंद असते, रेषा आडव्या कापल्या जातात, शेवटीं कोपरा उडतो. तिला सरकत्या फळीवर शेगड्यानें घट्ट धरून, पाठीशीं टाकाऊ लांकडाचा ठोकळा देऊन कापावें. हें टोकाचें काम आधीं उरकावें, लांब कडेचें मागाहून. म्हणजे टोकाशीं उडालेली बारीक ढलपी पुढच्या कापांत निघून जाते. चार बोटें लांबीचा तुकडा पात्यापाशीं नेण्यापेक्षां मोठ्या फळीवर आकार काढून मग तो करवतून घेणें केव्हांहि चांगलें. रुंद पात्यानें एकाच फेऱ्यांत सगळें लांकूड खाऊं नये. आधारपट्टी थोडीथोडी मागें घेत तीन-चार फेऱ्यांत पुरी खोली गांठावी. पारव्याच्या शेपटीचें पातें मात्र निमुळतें वरच्या अंगास असल्यानें पहिल्याच कापांत पुऱ्या खोलीवर घालावें लागतें. तेव्हां आधीं सरळ पात्यानें मधला भाग काढून टाकावा, म्हणजे त्याच्या बारीक मानेवर भार येत नाहीं.

हातमोजे घालावेत कीं नाहीं यावर कारखान्यांत वाद ऐकूं येतो. माझें मत असें कीं, फिरत्या पात्यापाशीं हातमोजा हा बोटांना संरक्षण नसून पात्याला पकडावयास दिलेली चिंधी आहे. उपरणें, सैल बाह्या, मनगटांतील दोरा हींहि दूर ठेवावीत. डोळ्यांना चष्मा व कानांना बोळे हवेतच, आणि नाकातोंडावर चांगली जाळी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या धुळीची गणना मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे.

आमच्याकडे पावसाळ्यांत काम चालू असतां वीज जाते. कारागीर बिडी ओढावयास बाहेर बसतो, बटण तसेंच दाबलेलें राहतें, आणि वीज आली कीं मेजावर कोणी नसतां राऊटर आपोआप गरगरूं लागतो. म्हणून वीज गेल्याबरोबर बटण बंद करावें, आणि पातें बदलतांना तर भिंतींतील पिनच काढून हाताशीं ठेवावी. काम संपल्यावर पातें कॉलेटमध्यें तसेंच सोडूं नये. धारेवर चिकटलेला राळेचा थर काढून, दांडीला तेलाचा बोळा फिरवून तें डब्यांत ठेवावें. समुद्राच्या खाऱ्या हवेनें दांडीवर गंज चढतो, आणि गंजलेली दांडी कितीहि आवळली तरी कॉलेटमध्यें नीट धरत नाहीं.