टू-स्ट्रोक मोटारसायकलीचे गिअर-तेल

वंगण जितके अधिक निसरडे तितके ते चांगले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळ यंत्रांच्या बाबतीत ती खरीही ठरते. परंतु खडकाळ व चिखलाच्या वाटांवर धावणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीच्या, म्हणजे डर्ट बाइकच्या, गिअरपेटीत या समजुतीने नुकसान होते. तेथे तेलाने एका ठिकाणी घर्षण कमी करावयाचे असते आणि दुसऱ्या ठिकाणी ते राखावयाचे असते. हे असे का, याचा उलगडा झाला म्हणजे तेलाची निवड सोपी होते.

प्रथम इंजिनाची रचना ध्यानात घेऊ. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच व गिअर या तिहींना एकच तेल पुरते. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दट्ट्याखालच्या क्रँककेसमधून सिलिंडरात जाते. म्हणून तेथे तेलाचा साठा ठेवता येत नाही. इंजिनाचे वंगण पेट्रोलबरोबर आत शिरते व अखेर जळून जाते. गिअर व क्लच यांचे तेल शेजारच्या बंद कप्प्यात निराळे असते. आपल्याकडील राजदूत, येझदी किंवा आर. एक्स. १०० या जुन्या गाड्यांतही हीच व्यवस्था होती. यावरून पहिला नियम निघतो. डब्यावर ‘२टी’ असे लिहिलेले तेल पेट्रोलात मिसळण्यासाठी असते. ते गिअरपेटीत घालू नये.

एका तेलाची दोन कामे

गिअरचे दात एकमेकांवर दाबले जातात आणि घसरतातही. गाडी उडी मारून जमिनीवर आदळते, तेव्हा मागच्या चाकाला बसणारा धक्का साखळीवाटे दातांपर्यंत पोहोचतो. अशा वेळी दातांमधील तेलाचा पातळ पापुद्रा फाटता कामा नये. तो फाटला, तर धातूवर धातू घासून दातांचा पृष्ठभाग झिजतो.

याच तेलात क्लचही भिजत असतो. पोलादाच्या साध्या चकत्या आणि घर्षणाचा थर बसविलेल्या चकत्या एकाआड एक रचून स्प्रिंगांनी आवळलेल्या असतात. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत जाते, ती या चकत्यांच्या परस्परांवरील पकडीमुळे.

आता मोटारींसाठी केलेली इंधन वाचविणारी तेले पाहा. त्यांपैकी अनेकांत घर्षण घटविणारी द्रव्ये मिसळलेली असतात. अशा द्रव्याच्या रेणूचे एक टोक धातूस चिकटते व लांब शेपटी बाहेर राहते. असंख्य रेणू दाटीने उभे राहिले, की पृष्ठभाग निसरडा होतो. गिअरपेटीत हे तेल घातल्यास क्लच घसरू लागतो. इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र पुढे सरकत नाही, आणि चकत्या तापून जळतात. अवघड चढावर असे झाले, तर ते स्वाराच्या जिवावर बेतू शकते.

डब्यावरील खुणा

ही अडचण ओळखून जपानच्या जासो या मानक-संस्थेने १९९८ मध्ये फोर-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी ‘टी ९०३’ हे मानक ठरविले. त्यात क्लचची पकड प्रत्यक्ष मोजून तेलाचे वर्ग पाडतात. पकड राखणारे तेल ‘एमए’ आणि अधिक निसरडे तेल ‘एमबी’ होय. २००६ मध्ये ‘एमए’चे ‘एमए१’ व ‘एमए२’ असे दोन पोटवर्ग झाले. त्यांपैकी ‘एमए२’ची पकड अधिक. ओला क्लच टू-स्ट्रोक गाडीतही तसाच असल्यामुळे ही खूण तेथेही उपयोगी पडते.

‘जीएल-५’ ही खूण निराळी. हे तेल मुख्यतः मोटारीच्या मागच्या आसातील गिअरांसाठी असते. त्यातील गंधक व स्फुरद यांची संयुगे अतिदाबाखाली धातूवर संरक्षक थर धरतात. परंतु तेल क्लचसाठी बनविलेले नसते, आणि काही गंधकयुक्त संयुगे पितळ, कासे अशा तांब्याच्या मिश्रधातूंना खातात.

आकड्यांनीही फसगत होते. ‘९०’ क्रमांकाचे गिअर-तेल ‘४०’ क्रमांकाच्या इंजिन-तेलाच्या दुपटीहून दाट, असे वाटते. परंतु या दोन स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत. १०० अंश सेल्सिअस तापमानास ४० क्रमांकाच्या इंजिन-तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा विरोध, १२.५ ते १६.३ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असते. ९० क्रमांकाच्या गिअर-तेलाची १३.५ ते १८.५. म्हणजे दोन्ही तेले जवळजवळ सारखीच दाट असू शकतात.

निवड आणि निगा

तेव्हा क्रम असा ठेवावा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला श्यानतेचा क्रमांक प्रथम पाहावा. तेल ओल्या क्लचसाठी आहे, याची खात्री नंतर करावी. किमतीचा विचार शेवटी. फार दाट तेलाने थंडीत क्लच नीट सुटत नाही. फार पातळ तेलाचा पापुद्रा दातांमध्ये टिकत नाही.

उत्तम तेलही फार दिवस पुरत नाही. २५० घन सेंटिमीटरच्या गाडीत ते सुमारे पाऊण लिटरच असते, बहुधा गाळणीही नसते, आणि चकत्यांची झीज व धातूचे कण त्यातच साठतात. बदलताना जुने तेल निरखून पाहावे. ते दुधाळ असल्यास पाणी शिरले आहे. तेल कमी होत असून धूर वाढला असल्यास क्रँकच्या दांड्याचे सील गळत असण्याचा संभव आहे. गिअरपेटीतील तेल इंजिनात शोषले जाऊन जळत असते. काढलेले तेल जमिनीवर वा गटारात ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.