सात घरांचे वार आणि साडेपाच वर्षं

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत ठरलेला फोटो येतो. पत्र्याचं घर, आईच्या हातात पेढा आणि शेजारी डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी. तो फोटो न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोचतो आणि आठवडाभर मदतीचा ओघ लागतो. पुढच्या जूनमध्ये नवा फोटो येतो. तोवर आधीची मुलगी एमबीबीएसचं पहिलं वर्ष संपवत आलेली असते आणि तिच्या मेसचं बिल मात्र कुठल्याच गटावर नसतं. परदेशस्थ मराठी माणसांच्या छोट्या मदतीबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन जूनमधला काळ न पाहिल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज : डॉक्टरकीला लाखो रुपये लागतात, वीस डॉलरनी काय होणार?

वस्तुस्थिती : खासगी महाविद्यालयाची फी भरायची असेल, तर खरंच काही होणार नाही. पण सरकारी महाविद्यालयाची फी त्या मानानं बरीच कमी असते आणि तिच्यात सवलतीही आहेत. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा 2.5 लाख रुपये. ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य सरकारनं 2024-25पासून माफ केलं आहे.

मग अडतं कुठे? हॉस्टेलवरच्या कुणाच्याही वहीचं शेवटचं पान उघडा. मेस, डिपॉझिट, अ‍ॅप्रन, डिसेक्शनचा किट, सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतलेले बी. डी. चौरसियांच्या शरीररचनेच्या पुस्तकाचे भाग, जर्नलं, झेरॉक्स, दिवाळीला गावी जायचं एसटीचं तिकीट. हे खर्च शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत दिसत नाहीत, पण दर महिन्याला दारात उभे राहतात. डॉलरचा भाव 85 रुपये धरला, तर 20 डॉलर म्हणजे 1,700 रुपये. पाच जणांनी दर महिन्याला एवढे दिले, तर 8,500. फीसाठी ही रक्कम चिल्लर आहे. वहीच्या त्या शेवटच्या पानासाठी मात्र ती पुरते.

गैरसमज : सरकारी शिष्यवृत्ती मिळतेच, मग वरून मदत कशाला?

वस्तुस्थिती : मिळते, पण कधी? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, मग कॉलेजची छाननी, मग विभागाची मंजुरी, मग आधारशी जोडलेल्या खात्यात पैसे. यात एक कागद अडला की सगळं अडलं. मेसवाला तोवर थांबत नाही. त्याचंही घर त्याच बिलांवर चालतं. इथे दात्याचा पैसा शिष्यवृत्तीची जागा घेत नाही, ती येईपर्यंतची दरी भरून काढतो. काही वेळा तो फिरताही ठेवता येतो. शिष्यवृत्ती जमा झाली की मुलगा उचल परत करतो आणि तीच रक्कम पुढच्याच्या कामी येते.

गैरसमज : गरज असेल तर कमवा आणि शिका.

वस्तुस्थिती : कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या मंत्रानं महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या शिकल्या. एमबीबीएसचं वेळापत्रक मात्र त्याला फारशी जागा देत नाही. नियमानुसार थिअरीला 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते. ती भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. लेक्चर, डिसेक्शन, पुढे वॉर्डातलं पोस्टिंग आणि रात्री अभ्यास. यातून उरलेल्या वेळात शिकवण्या घेणारी मुलं आहेत, पण हजेरी आणि झोप यांतलं काहीतरी त्यांना गहाण टाकावं लागतं. नापास होऊन मागे पडलं, की तेवढ्या महिन्यांची मेस वाढते. म्हणजे दोन हजार कमावण्याच्या नादात वीस हजारांचा खड्डा.

गैरसमज : एकदाच घसघशीत रक्कम दिली की आपलं काम झालं.

वस्तुस्थिती : जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, अशी सात घरं. कुणा एकावर भार नाही, पण मंगळवारचं घर विसरलं तर मंगळवारी उपास. त्या पानावर सगळ्या जातींना जागा नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून 1901मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळावर कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहंही. खेड्यातल्या मुलांसाठी पुण्यात 1955पासून चालणारी विद्यार्थी साहाय्यक समिती त्याच वाटेवरची.

एमबीबीएस साडेपाच वर्षांचं. त्यातली साडेचार वर्षं अभ्यासाची, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन सुरू होतं. म्हणजे वार लावायचा तो 54 महिने. पहिल्या वर्षी 50 हजार आणि नंतर शून्य, यापेक्षा ठरल्या तारखेला येणारे 1,700 मुलाला जास्त उपयोगी. त्याला पुढच्या महिन्याचा हिशेब मांडता येतो.

गैरसमज : परदेशातून पैसे पाठवायला कायद्यानं बंदी आहे. किंवा, कुणालाही कसेही पाठवता येतात.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. आधी पासपोर्ट बघायचा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, तर ओसीआय कार्ड असूनही ती परकीय ठरते. मग घेणारी संस्था परकीय देणगी नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणीकृत हवी किंवा तिनं सरकारची पूर्वपरवानगी घेतलेली हवी. या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. शेवटची अट छोट्या दात्यांच्या फार लक्षात येत नाही. मोठ्या संस्थेला दिलं तर ती तालुक्यातल्या छोट्या संस्थेला पुढे देईल, हा मार्ग आता बंद आहे. जिला द्यायचं, तिचीच नोंदणी तपासायची.

गैरसमज : शिकून सगळे परदेशीच जातात.

वस्तुस्थिती : सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्याला महाराष्ट्रात एक वर्ष शासकीय सेवेचं बंधपत्र द्यावं लागतं. त्यापुढे तो कुठे जाईल, हे दात्याच्या हातात नाही आणि नसावंही. शिवाय हा आक्षेप स्वतः विमानानं गेलेल्या माणसाच्या तोंडी जरा विनोदीच वाटतो.

तेव्हा या जूनमध्ये फोटो आला की पैसे जरूर पाठवा. फक्त त्याच दिवशी गटावर एक प्रश्न टाका : गेल्या वर्षीच्या मुलीचं या महिन्याचं मेसचं बिल कुणी भरलं?