गरजेपुरता मजकूर

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला कायद्याने ज्या सवलती देऊ केल्या आहेत, त्या पदरात पाडून घेण्यासाठी त्याला आपल्या शरीराची वा मनाची सारी कैफियत एका अपरिचित कारकुनाच्या हाती सोपवावी लागते. आणि तो कागद तेथून पुढे कोणाकोणाच्या नजरेखालून जाणार, हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

१९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, तसेच विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल यांनाही त्यात स्थान दिले. न्यायाची कक्षा रुंदावली, हे निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु पूर्वी जे व्यंग बहुशः डोळ्यांना दिसे, त्याच्या बाबतीत कागदातून बातमी फुटण्याचे भय फारसे नव्हते, आणि आज शेजारच्या बाकावरील मित्रालाही ज्याचा सुगावा नाही, ते केवळ दप्तरातल्या एका दाखल्यामुळे चारचौघांत उघड होऊ शकते.

हा दाखला कसा फिरतो ते पाहावे. त्यावर नाव, छायाचित्र, अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी असते, आणि त्याचीच झेरॉक्स प्रवेशाच्या खिडकीवर, शिष्यवृत्तीच्या टेबलावर, वसतिगृहाच्या रेक्टरांकडे व परीक्षा विभागात मागितली जाते. वास्तविक प्रत्येकाची गरज निराळी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र परीक्षार्थीला ताशी किमान २० मिनिटे अधिक मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरास चार तास. तेव्हा पर्यवेक्षकाला आसन क्रमांक, वेळ आणि लेखनिकाची मंजुरी एवढे कळले की त्याचे काम भागते. त्या परीक्षार्थीला मनोविकार आहे की रक्तविकार, हे जाणण्याचे त्याला प्रयोजन नाही. असे असता आजाराच्या रकान्यासह यादी दारावर चिकटवणे, अथवा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे, ही केवळ गैरसोय नव्हे, तो अधिकारावरील आघात आहे.

अधिकार म्हणण्यास आधारही भक्कम आहे. भारताने २००७ मध्ये अनुमोदन दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातील २२ वे कलम दिव्यांगांच्या आरोग्यविषयक माहितीचे खासगीपण राखण्यास सदस्य राष्ट्रांना बांधून घेते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्काचा दर्जा दिला. आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन घातले. म्हणजे डॉक्टर जे बोलू शकत नाही, तेच त्याच्या दाखल्यावरून महाविद्यालयाच्या उघड्या कपाटात पडून राहते! २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम अंकीय माहितीपुरताच आहे. ज्या झेरॉक्सचे कधी अंकीकरण झालेच नाही, ती त्याच्या कक्षेबाहेर राहते. ही उणीव संस्थेच्या शिरस्त्यानेच भरून काढली पाहिजे.

खोटे दाखले पकडायचे तर माहिती उघड हवी, असा आक्षेप घेतला जातो. बनावटगिरी हा खऱ्या दिव्यांगांवरचाच अन्याय असल्याने पडताळणी कसोशीने व्हावी, यात दुमत नाही. परंतु ती अधिकृत अधिकाऱ्याने शासकीय नोंदीशी ताडून करायची असते. सूचनाफलकावरची यादी वाचून कोणी खोटा दाखला ओळखत नाही. खऱ्या दाखल्याचा धनी मात्र हकनाक चर्चेचा विषय होतो.

उपाय खर्चिक नाहीत. मूळ दाखला पाहण्याचा अधिकार समान संधी कक्षातील एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. तिने इतर विभागांना केवळ मंजूर सवलतींचे पत्र द्यावे, त्यात निदानाचा उल्लेख नसावा. नस्ती कोणी, कधी व कशासाठी पाहिली याची नोंद व्हावी. जाहीर याद्यांत नावाऐवजी अर्ज क्रमांक असावा. आणि प्रयोजन संपताच प्रती नष्ट कराव्यात. ज्याला आपल्या व्यंगाविषयी मोकळेपणाने बोलावेसे वाटते त्याने अवश्य बोलावे, पण तो निर्णय त्याचाच असला पाहिजे.

कारण बोभाट्याच्या धास्तीने जो विद्यार्थी अर्जच करीत नाही, त्याच्यापुरता हक्काचा कायदा झालाच नाही असे होते. म्हणून गोपनीयता ही सवलतीबरोबर मिळणारी मेहेरबानी नव्हे. सवलत खरोखर घेता येण्याची ती पहिली अट आहे, आणि ती पाळण्याची जबाबदारी प्रवेश देणाऱ्या प्रत्येक प्राचार्यावर आहे.