पट्टा का सरकतो?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लोखंड कापले, की त्याच्या कडेला धारदार कुसळे राहतात. कारागीर त्यांना ‘बर’ म्हणतात. हा बर घासून काढणारे एक यंत्र म्हणजे बेल्ट सँडर. आपल्या उर्दूतील ‘रेगमाल’ आठवा. (रेग म्हणजे वाळू!) तसाच खरखरीत पट्टा या यंत्रात दोन रुळांवर वेगाने फिरतो.

यंत्र नीट चालेना, की नवखा कामगार मोटरला दोष देतो. दोष बहुधा पट्ट्याचा असतो. पट्टा एका बाजूला सरकत असेल, तर रूळ किंचित कललेला असतो. त्याचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवून पट्टा मध्यावर आणावा. मोटर फिरते, पण पट्टा थांबतो? मग ताण कमी आहे, किंवा तुम्ही वस्तू फार जोराने दाबली आहे. सांधा उकलला, तर पट्ट्याच्या आतील बाजू पाहा. अनेक पट्ट्यांवर तेथे बाण असतो. पट्टा त्याच दिशेने फिरला पाहिजे.

सुटे भाग पाठवण्यासाठी लाकडी खोकीही लागतात. घासताना लाकूड काळे पडू लागले, तर पट्टा भुशाने बुजला आहे असे समजा. चपलेच्या जुन्या क्रेप सोलचा तुकडा फिरत्या पट्ट्यावर धरला, की भुसा निघून येतो. पट्टा झिजलाच असेल, तर मात्र बदलावा. येथे काटकसर नको.

लोखंड आणि लाकूड एकाच यंत्रावर घासू नये. लोखंडाची ठिणगी साठलेल्या भुशात पडली, तर ती आत धुमसत राहते आणि सारे घरी गेल्यावर पेट घेते. पट्टा बदलताना प्लग काढून ठेवावा. यंत्रावर हातमोजे घालू नयेत. मोजा अडकला, की बोटेही ओढली जातात.